धडगावच्या डोंगरात एकच टॉवर सक्तीचा करून काय होणार?

डोंगर_रेंज:
कालच्या धाग्यावर एकानं लिहिलं होतं, "तीन कंपन्यांचे तीन टॉवर ही उधळपट्टी आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात सरकारनं एकच टॉवर सक्तीचा करावा, रिचार्ज निम्म्यावर येईल." तालुक्याचं ठिकाण सोडून पाड्यांवर तीन टॉवर दाखवा बरं! तिथं अडलंय ते पहिल्याच टॉवरवर. टॉवर कंपनीची खरी कमाई दुसऱ्या टेनंटपासून, म्हणजे भाडं देऊन अँटेना लावणाऱ्या दुसऱ्या मोबाईल कंपनीपासून, सुरू होते. तो येणार नसेल तर ती पायाच खोदत नाही. सक्ती कोणावर करणार?

तापीकाठ:
तुम्ही फक्त लोखंड, बॅटरी, जनरेटर धरून बसलात. २०१६ पासून अँटेना, तिची फीडर केबल, रॅन (फोनशी बोलणारी रेडिओ यंत्रणा), ट्रान्समिशन, सगळंच वाटून घ्यायला परवानगी आहे. इंट्रा सर्कल रोमिंग केलं, म्हणजे एकाची सिमं दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालू दिली, तर दुसऱ्या कंपनीला एक बोल्टसुद्धा लावावा लागत नाही.

डोंगर_रेंज:
परवानगी आहे, पण गरज कोणाला? गावात एकट्याचीच रेंज असेल तर सगळी सिमं त्याचीच विकली जातात. तो ती रेंज दुसऱ्याला कशाला देईल?

फीडर_चोपडा:
लोखंड एकदाच लागतं हो, वीज रोज लागते! टॉवर शेतात उभा करायचा आणि कनेक्शन कृषी फीडरवरून (शेतीपंपांच्या लाईनवरून) घ्यायचं, म्हणजे थ्री फेज आठ तास. बाकी सगळं बॅटरी-डिझेलवर. ४८ व्होल्ट, ६०० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी बँक म्हणजे साधारण २९ युनिट. निम्मी उतरवली तर १४. एका टेनंटचा २ किलोवॅट लोड सात तास निघतो. दुसरा आला की साडेतीन तासही नाही, कारण ६०० हा आकडा दहा तासांत सावकाश उतरवण्याचा आहे, भराभर उतरवली की तेवढं निघत नाही.

तापीकाठ:
मग शेअरिंग फायद्याचंच ठरलं ना! १५ केव्हीएचा जनरेटर सेट नुसत्या २ किलोवॅटवर चालवला की युनिटमागे डिझेल जास्त पितो, वर कार्बन धरतो. लोड दुप्पट झाला म्हणून डिझेल दुप्पट लागत नाही.

फीडर_चोपडा:
युनिटमागे स्वस्त पडतं, मान्य. पण सेटचे तास वाढले त्याचं काय? पावसात दरड आली की घाटात कॅन कोण चढवणार? आणि भुसावळचा मे महिना विसरलात. लेड-ॲसिड बॅटरीला २५-२७ अंश मानवतात, वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं. शेल्टरचा (टॉवरखालच्या यंत्रखोलीचा) एसी बंद पडला की बँक गेलीच म्हणा.

डोंगर_रेंज:
भाऊ, तुमचं फीडरपुराण वेगळ्या धाग्यावर न्या. प्रश्न सक्तीचा आहे.

फीडर_चोपडा:
वीज सोडून टॉवरचा हिशोब मांडणारे आधी बिल बघा, मग बोला!

तापीकाठ:
सक्तीला जागा आहे. कंपन्यांच्या एजीआरवर (फी मोजायला धरलेल्या महसुलावर) ८ टक्के लायसन्स फी, त्या आठपैकी पाच टक्के डिजिटल भारत निधीचे, म्हणजे खेड्यापाड्यात फोन-इंटरनेट पोचवायच्या सरकारी निधीचे. जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांच्या ४जी साठी २६,३१६ कोटी मंजूर झाले, काम बीएसएनएलकडे. पैसा सार्वजनिक, तर टॉवरही सगळ्यांना खुला हवा.

डोंगर_रेंज:
निधीतल्या टॉवरपुरतं चालेल. खाजगी पैशाच्या टॉवरवर नाही म्हणजे नाही.

फीडर_चोपडा:
मग टेंडरमध्येच लिहा: वाऱ्याचा भार पहिल्या दिवसापासून तीन टेनंटच्या अँटेनांचा धरायचा, मागाहून मजबुतीकरण महागात जातं. मायक्रोवेव्ह हॉपची (टॉवर ते टॉवर बिनतारी जोडणीची) क्षमताही तिघांना पुरेल एवढी. आणि कनेक्शन गावठाण फीडरचंच, म्हणजे गावातल्या घरांच्या लाईनचं. जादा खांबांचा खर्च एस्टिमेटमध्ये नसेल, तर ठेकेदार जवळच्या कृषी लाईनलाच जोडून मोकळा होईल.