प्रति: निअँडरथल आज असते तर?
वर कुणीतरी लिहिलंय की निअँडरथलांसारखी नामशेष झालेली दुसरी मानवजात टिकली असती तर आपण त्यांना अभयारण्यात कोंडलं असतं. कोंडलंही असतं, पण त्याआधी सोयरिकी झाल्या असत्या! सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सापडलेल्या एका हाडाच्या तुकड्याचा जनुकीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुलगी होती, आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन, म्हणजे याच गुहेवरून नाव पडलेल्या आणखी एका नामशेष मानवजातीचा. आफ्रिकेबाहेरच्या आपल्या सगळ्यांत निअँडरथलांचा एक-दोन टक्के वाटा आहेच. म्हणजे 'ते' आणि 'आपण' अशी स्वच्छ रेघ मारता येत नाही.

चर्चा सारखी युरोपभोवती फिरतेय म्हणून सांगतो, आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेच्या थराशी निगडित अश्युलियन (आदिमानवाच्या हातकुऱ्हाडींच्या घडणीची) दगडी हत्यारं मिळाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे बरंच काम केलंय. राखेच्या वयावरून जुना वाद आहे: कोणी ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची मानतात, कोणी कित्येक लाख वर्षांपूर्वीची. हत्यारं करणाऱ्यांचं हाड मात्र तिथे मिळालेलं नाही. भारतात तशी प्राचीन कवटी मिळाली ती १९८२ मध्ये, मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला. टोबावाले बरोबर असतील, तर ही हत्यारं तितकी अलीकडची ठरतात आणि आपले पूर्वज इकडे पोचले तेव्हा कुकडीकाठी आधीचे रहिवासी असूही शकतील. आजच्या पुण्यात त्यांना भाड्याने फ्लॅट मिळाला असता का, हा प्रश्न वेगळा; इथे अविवाहित मुलांनाही सोसायट्या कां-कूं करतात.