पावणेतीन वर्षांची मुलगी दिवसभर बोलते. स्वयंपाक, फोन आणि अडखळणं कसं सांभाळायचं?

विश्रामबागची आई

मुलगी २ वर्षं ९ महिन्यांची आहे. सांगलीत राहतो. घरी आम्ही दोघं, सासूबाई आणि ती. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंड बंद नाही. बोलते त्याचं कौतुकच आहे, गप्प बसवायचं नाहीये. पण काही ठिकाणी फार ओढाताण होते, तिथं नेमकं काय करायचं ते हवंय.

सकाळी डब्याच्या गडबडीत ती ओट्याला चिकटून उभी असते आणि "हे काय? ते का? कुणाचंय?" चालूच. दुपारी मला घरूनच ऑफिसचे फोन असतात, पंधरा-वीस मिनिटांचे. फोन कानाला लावला की नेमकं तेव्हाच तिला काहीतरी सांगायचं असतं. उत्तर दिलं तरी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. आणि हल्ली काही आठवड्यांपासून "मी मी मी... मला मला बाबा पाहिजे" असं अडखळायला लागलीय. सासूबाई म्हणतात, सावकाश बोल म्हणून सांगत जा. सांगावं का? मोबाइल हातात द्यायचा नाही, एवढं घरात ठरलंय.

वाचाउपचार, मिरज

अडखळण्याचं आधी सांगते, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

दोन ते पाच वर्षांच्या पुष्कळ मुलांत असं दिसतं. या वयात शब्द झपाट्याने वाढतात आणि वाक्य दोन शब्दांवरून चार-पाच शब्दांवर जातं. सांगायचं खूप असतं, वाक्य जुळवायला वेळ लागतो, तेवढ्यात पहिला शब्द तोंडात फिरत राहतो. 'मी मी मी', 'मला मला' असा अख्खा शब्द परत येतोय आणि चेहरा मोकळा आहे, तोवर वाट बघायला हरकत नाही.

लक्ष ठेवायचं ते याच्यावर: शब्दाऐवजी नुसता पहिला आवाज तुटून येणं ('प-प-प-पाणी'), आवाज ताणला जाणं ('मऽऽऽला'), किंवा तोंड उघडलं पण आवाजच बाहेर येत नाही असं होणं. सोबत डोळे घट्ट मिटणं, मान झटकणं, ओठ आवळणं. असं काही दिसलं, किंवा मूल "जाऊ दे" म्हणून बोलणं अर्ध्यात सोडायला लागलं, तर थांबू नका, दाखवा. घरात काका, आत्या, मामा कुणाचा तोतरेपणा मोठेपणीही राहिलेला असेल तरी लवकर दाखवा. यातलं काहीच नसेल, पण अडखळणं सहा महिन्यांच्या पुढं गेलं, तरीही दाखवायचंच.

"सावकाश बोल", "दम घे", "परत नीट सांग" हे बंद. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण त्याने मुलीचं लक्ष सांगायच्या गोष्टीवरून स्वतःच्या तोंडाकडे जातं आणि ती आणखी अवघडते. वेग कमी करायचा तो मोठ्यांनी. तिचं वाक्य संपलं की मनात 'एक, दोन' मोजा आणि मग बोला. आपली वाक्यं आखूड, एका वेळी एकच प्रश्न, आणि तिचा अडकलेला शब्द आपण पुरा करायचा नाही. तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघून ऐका.

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं टीव्ही बंद आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तिच्यासमोर जमिनीवर बसा. ती खेळेल तेच खेळायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत. नुसतं समोर दिसतंय ते सावकाश बोलायचं: "भावली झोपली. पांघरूण घातलं." पाच मिनिटं म्हणजे पाचच, पण रोज. लोक रविवारी तासभर बसतात आणि आठवडाभर विसरतात, त्याचा उपयोग होत नाही.

दोन मोठी माणसं एकदम बोलत असली की मूल मध्ये घुसायची घाई करतं आणि तिथंच जास्त अडखळतं. जेवताना पाळीपाळीने बोला, घरातल्या सगळ्यांनी. पाहुण्यांपुढं "गाणं म्हणून दाखव" सध्या नको.

एका वहीत रोज तारखेपुढं 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' एवढंच लिहा. हे आठवडाभर नाहीसं होतं आणि परत उगवतं, त्यामुळे आठवणीवर विसंबून अंदाज चुकतो. एखादा दोन मिनिटांचा व्हिडिओ तिच्या नकळत काढून ठेवा. अनोळखी ठिकाणी गेलं की बरीच मुलं एकतर गप्प बसतात नाहीतर अगदी स्पष्ट बोलतात, मग आम्हाला बघायला काहीच मिळत नाही.

साताऱ्याची बालवाडीताई

सकाळच्या ओट्याचं सांगते. "बाहेर जा" म्हटलं की मूल दुप्पट चिकटतं. तिला जागा आणि काम, दोन्ही द्या.

ओट्यापासून तीन फुटांवर फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावा, पट्टीच्या पलीकडं तिचा पाट. गॅस पेटला की पाटावर, गॅस बंद की कुठंही. नियम एवढाच, आणि सगळ्यांच्या हातून तोच. आई पाळते आणि आजी कडेवर घेऊन फोडणी दाखवते, असं झालं की पट्टीला काही अर्थ उरत नाही. चहाचं भांडं, कुकर मागच्या शेगडीवर, पातेल्यांचे दांडे आत वळवलेले. एवढं करूनही भाजलंच, तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको.

काम खरं हवं. खेळण्यातली भांडी दोन मिनिटं पुरतात. मेथीची पानं खुडायला द्या, अर्धी जुडी बस्स, नाहीतर कंटाळून फेकाफेकी होते. बटाटे या टोपलीतून त्या टोपलीत, भेंडी फडक्याने पुसणं, लिंबाएवढा कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं. तीन वर्षांच्या आत पावटा, वाटाणा, हरभरा सोलायला देऊ नका. दाणा नाकात किंवा घशात जायला वेळ लागत नाही.

यावरूनच एक गोष्ट कळकळीने सांगते. बोलकं मूल घास तोंडात असतानाही बोलतं. हसताना, बोलताना श्वास आत ओढला जातो आणि त्याबरोबर दाणाही. सांगलीत भडंगाचा डबा घरोघरी असतो. पाच वर्षांपर्यंत त्यातला अख्खा शेंगदाणा मुलाला नको. दाण्याचं कूट चालतं. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्या, खाताना बसवूनच. ठसका लागला आणि मूल जोरात खोकतंय, तर खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाजच बंद झाला, खोकता येईना, तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब, परत थापा, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब देत नाहीत, हे लक्षात असू द्या. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही, ती आणखी खाली सरकते.

आता तोच तोच प्रश्न. तिला उत्तर कळलेलं असतं. तिला बघायचं असतं की उत्तर दरवेळी तेच येतंय का, आणि बोलणं चालू ठेवायला या वयात प्रश्न हाच सोपा मार्ग तिच्याकडं असतो. म्हणून पहिल्यांदा सरळ उत्तर द्या. दुसऱ्यांदा तेच उत्तर, एक शब्द वाढवून: "कुकर आहे", मग "भाताचा कुकर आहे". तिसऱ्यांदा चेंडू तिच्याकडं: "तूच सांग, हे काय?" आणि पाच सेकंद खरंच थांबा. बहुतेक मोठी माणसं एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतात. ती चुकीचं बोलली, 'दादी दादी' म्हणत गाडी दाखवली, तरी "दादी नाही, गाडी म्हण" नको. "हो, गाडी. लाल गाडी गेली" एवढं पुरे. र आणि ळ मागाहून येतात, त्यासाठी आत्ता जीव काढायला नको.

आणि 'मी जातो' म्हणाली तर सुधारायच्या आधी घरात कोण कसं बोलतं ते ऐका. सांगली-कोल्हापूरकडं बायकाही तसं म्हणतात, तेव्हा तिने ते घरूनच उचललं असणार.

कराडचा बाबा

फोनसाठी तीन गोष्टी एकत्र लागतात, एकटी एकही चालत नाही.

पहिली, फोनच्या आधी दहा मिनिटं पूर्ण तिची. पाणी, शू आटपून घ्या आणि सांगा, "आता आईचा फोन. संपला की आपण गच्चीत कपडे वाळत घालू." संपल्यावर ते झालंच पाहिजे. एकदा टाळलं तर पुढच्या वेळी विश्वास बसत नाही.

दुसरी, फोनचा डबा. स्टीलच्या झाकणाच्या मोठ्या डब्यात कपड्यांचे चिमटे, प्लॅस्टिकच्या बांगड्या, दोन-तीन छोट्या डब्या आणि त्यांची झाकणं, जुनी लग्नपत्रिका, मऊ ब्रश. नाणी, बटणं, रिमोटचे सेल आत नकोत, छोटा चपटा सेल तर अजिबात नाही. गिळला तर अन्ननलिका भाजते आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. डबा फोनच्या वेळीच उघडायचा, नंतर कपाटात वर. दिवसभर समोर राहिला की दोन दिवसांत शिळा होतो. दर आठवड्याला दोन वस्तू बदला.

तिसरी, मनगटाची खूण. काही सांगायचं असेल तर तिने आईच्या मनगटावर हात ठेवायचा, आईने त्यावर आपला हात ठेवायचा. म्हणजे "कळलं, थांब". हे फोन चालू असताना शिकवू नका. आधी सासूबाईंशी गप्पा मारताना सराव करा. पहिल्यांदा पाच सेकंदांत तिच्याकडं वळा, मग दहा, मग अर्धा मिनिट. या वयात एक-दोन मिनिटांपुढं थांबणं जमत नाही. वीस मिनिटं थांबेल ही अपेक्षाच चूक आहे, म्हणून मधे आवाज बंद करून दहा सेकंद तिचं ऐकून घ्या. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं ताटकळत ठेवलं की खूण मोडते आणि मूल पुन्हा ओरडण्यावर येतं.

विश्रामबागची आई

खूप उपयोगी, पट्टी आजच लावते. अजून विचारते. माझी आई जतची, फोनवर तिच्याशी कन्नडमध्ये बोलते. दोन भाषांमुळे अडखळतीय का? दुसरं, खालच्या मुलांकडून एक शिवी उचललीय आणि चारचौघांत म्हणते. आणि घरातलं सगळं शेजारी जाऊन सांगते.

वाचाउपचार, मिरज

दोन भाषांमुळे नाही. आजीचं कन्नड चालू ठेवा, बंद करू नका. एकाच वाक्यात दोन्हींचे शब्द येणं या वयात नेहमीचं आहे. तपासताना दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात.

एक मात्र बघा, तुमच्या मुलीबद्दल नाही, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. पुष्कळ बोलणं आणि संवाद यांत फरक आहे. मूल जाहिराती, गाणी, ऐकलेली वाक्यं धडाधड म्हणतं, पण नावाने हाक मारली तर वळत नाही, बोटाने दाखवत नाही, विचारलेलंच परत म्हणतं, तर "बोलतंय की" म्हणून थांबू नका. श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी दोन्ही करून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ऐकणं-बोलणंही बघतं आणि गरज असेल तर पुढं पाठवतं. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा. तोवर सर्दीनंतर एकदम मोठ्याने बोलायला लागली किंवा टीव्हीचा आवाज वाढवायला लागली तर कान दाखवा. पडद्यामागं पाणी साठलं तरी बऱ्याचदा दुखत नाही.

साताऱ्याची बालवाडीताई

शिवीला हसायचं नाही, रागवायचंही नाही. दोन्हीत तिला मजा येते. चेहरा कोरा ठेवून दुसरा शब्द हातात द्या: "राग आला? 'मला राग आला' म्हण." घरातलं एक माणूस जरी तोंड फिरवून हसलं तरी आठवडा वाया जातो.

शेजारी सांगते म्हणून तिला "हे कुणाला सांगायचं नाही" असं शिकवू नका. तीन वर्षांच्या आत ते कळत नाही. शिवाय उद्या कुणी वाईट स्पर्श केला आणि "कुणाला सांगू नको" म्हणाला, तर तीच सवय तिला गप्प ठेवेल. पैशाचं, भांडणाचं, सासू-सुनेचं बोलणं ती झोपल्यावर करा. ती शेजारी काही बोलून आली तरी परत आल्यावर जाब विचारू नका.

झोपेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बोलक्या मुलाचं अंथरुणात अर्धा-पाऊण तास बोलणं चालतं, तेवढं धरून दिवा लवकर घालवा. या वयाला दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास लागतात, तीन पूर्ण झाली की १० ते १३. संध्याकाळी सहानंतर डोळे चोळत जास्तच बडबडत असेल तर ते बहुधा थकल्याचं असतं, त्या दिवशी जेवण अर्धा तास आधी द्या.