मदत हवी आहे: नामिबियात स्वतः गाडी चालवत सफारी, डिझेल कुठे कुठे भरायचं?

वाघबीळकर:

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं नामिबियाला निघालोय. मी, बायको, नववीतली लेक आणि बाबा (वय 71). 17 सप्टेंबर 2022ला तिकडचे आठ चित्ते कुनोत आले, त्या दिवसापासून बाबांचं एकच पालुपद, "पाहुणे आपल्याकडे येऊन राहिले, आता आपण त्यांच्या घरी जाऊन यायला हवं." तर जातोय.

विंडहुकला गाडी ताब्यात घेणार. हायलक्स डबल कॅब, फोर बाय फोर, डिझेल, टपावर दोन तंबू, टाकी 80 लिटर. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि रोज गायमुखचा घाट चढणाऱ्याला खडीच्या रस्त्याचं काय कौतुक! माझी धास्ती वेगळीच आहे.

2023च्या मे महिन्यात ताडोब्याला जाताना समृद्धीवर मी एक पंप सोडला. म्हटलं, पुढे आहे की. पुढच्या पंपाला दोरी बांधलेली, आत एक पोरगा खुर्चीवर पाय घेऊन बसलेला. "लाइट नाय साहेब." रिझर्व्हचा दिवा लागलेला, डिझेल वाचवायला एसी बंद केलेला, बाहेर 43 डिग्री. मागे बाबा गप्प, शेजारी बायको त्याहून गप्प. खाली उतरून गावातल्या पंपाला लागेपर्यंत काटा पार आडवा झोपला होता. त्या सव्वीस किलोमीटरांचा विषय आमच्याकडे अजून कुठल्याही निमित्ताने निघतो, गॅस सिलिंडर संपला तरी निघतो.

म्हणून यावेळी कागदावर हिशोब केलाय. लिटरला 11चं ॲव्हरेज धरलं तर टाकीत 880 किलोमीटर. विंडहुक ते सेसरीम 330, सेसरीम ते वॉल्विस बे 310, बेरीज 640. म्हणजे मध्ये कुठे न थांबता वॉल्विस बेला भरायचं. तिथून स्वाकोपमुंड, युइस, खोरिक्सास करत आउटजो, तिथे दुसऱ्यांदा. मग एटोशा राष्ट्रीय उद्यानात तीन रात्री, बाहेर पडल्यावर सुमेबला तिसऱ्यांदा आणि विंडहुक.

एवढं पुरेल का? टपावर वीस लिटरचा कॅन न्यावा का? दुहेरी टाकीची गाडी मिळतेय पण रोजचं भाडं बरंच जास्त आहे, घ्यावी का? पंपावर कार्ड चालतं का? व्हिसा, तिकिटं झालीत, ठाणे आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही आणलंय, त्यावर सल्ले नकोत. आणि "त्यापेक्षा पुन्हा ताडोबाच करा" असं कृपया कोणी लिहू नका.

तीन हात नाका:

त्यापेक्षा पुन्हा ताडोबाच करा.

पामबीचवाली:

वाघबीळकर दादा, आम्ही दोघांनी हाच फेरा 2019च्या ऑक्टोबरात केलाय, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या हिशोबाने गेलात तर घरात दुसरा सव्वीस किलोमीटरचा विषय तयार होईल.

आधी ॲव्हरेज. टपावर दोन तंबू म्हणजे वारा अडवणारी भिंतच. त्यात खडी, चार माणसं, पाण्याचे कॅन, फ्रिज आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात अखंड एसी. आम्हाला लिटरला जेमतेम 8 मिळालं, तेही मी हिशोबाची वही मांडीवर घेऊन बसले होते म्हणून कळलं. 80 लिटरचे 640 किलोमीटर धरा, आणि तेही टाकी पूर्ण कोरडी करून.

आता खरी गफलत. तुम्ही गावं जोडलीत, पण जनावरं आणि वाळू बघायला जे फिरणार ते कुठंय? सेसरीमला मुक्काम म्हणजे सोसुसफ्ले, तिथल्या वाळूच्या टेकड्या, आलंच. उद्यानाच्या गेटपासून साठेक किलोमीटर आत, शेवटचे पाच निव्वळ वाळूत, आणि तेवढंच परत. संध्याकाळी जवळच्या टेकडीवर सूर्यास्ताला जाल, ते वेगळं. म्हणजे सेसरीम सोडताना गाडी साडेचारशे चाललेली असेल. उरलेल्या 190 किलोमीटरात कुइसेबचा घाट कसाबसा पार होईल आणि वॉल्विस बेच्या 120 किलोमीटर अलीकडे गाडी मान टाकेल. सॉलिटेअर ते वॉल्विस बे सव्वादोनशेच्या वर अंतर आहे आणि मध्ये एकही पंप नाही. झाडसुद्धा शोधावं लागतं.

उपाय सोपा आहे. सेसरीमला गेटपाशीच पंप आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिथे फुल करा. तिथे नसेल तर 83 किलोमीटरवर सॉलिटेअर. ते गाव म्हणजे एक पंप, एक बेकरी आणि वाळूत रुतवून ठेवलेल्या गंजक्या जुन्या गाड्या. तिथला ॲपल पाय सगळे खातात, तुम्हीही खा. पण आधी डिझेल, मग पाय. आम्ही उलटं केलं आणि बाहेर येऊन बघतो तर पंपावर आठ गाड्यांची रांग.

पुढेही तेच. स्वाकोपमुंडहून खोरिक्सास सव्वातीनशेच्या आत आहे, पण ट्वाइफलफाँटेनची कातळशिल्पं बघायला जाऊन येऊन दोनशे वाढतात. म्हणून खोरिक्सासला परत भरा, आउटजोपर्यंत ताणू नका.

आरटीओ एजंट (नावापुरता):

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त कॅनबद्दल. वीस लिटर डिझेल म्हणजे सतरा किलो वजन, ते टपावर उन्हात तापणार, झाकण सैल असलं की झिरपणार, आणि त्याच टपावर तुम्ही रात्री झोपणार. वायव्येला काओकोलँडात जाणारे नेतात, त्यांना पर्याय नसतो. तुमच्या रस्त्याला कॅनही नको आणि दुहेरी टाकीही नको. ते पैसे दुसऱ्या स्टेपनीवर घाला. तिकडे डिझेल संपून अडकणाऱ्यांपेक्षा टायर फाटून अडकणारे जास्त. दर दोन किलोमीटरला पंक्चरवाल्याचा टायर लटकलेला दिसायची आपली सवय, तिकडे दिवसभरात एक दिसला तर नशीब. खडी लागली की चार-पाच पाउंड हवा कमी करा, डांबरी आली की पुन्हा भरा.

वाघबीळकर:

पामबीचवाली, सोसुसफ्लेचे 120 मी खरंच धरले नव्हते. हिशोब बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. हे जास्त वाईट.

एटोशाचं काय? आत पंप आहेत असं वाचलं, मग आउटजोला कशाला भरू? आणि भाव कुठे बरा? इथे आपण दोन रुपयांसाठी पंप बदलतो.

पामबीचवाली:

भावाचं आधी सांगते. तिकडे इंधनाचे दर सरकार ठरवतं, महिन्याला जाहीर करतं. एका गावातल्या सगळ्या पंपांवर एकच भाव. माल वॉल्विस बेच्या बंदरात उतरतो, म्हणून तिथे सगळ्यात स्वस्त, आणि जसजसं आत जाल तसा वाहतुकीचा खर्च चढत जातो. पण त्या फरकासाठी पंप सोडायचा नाही. काटा अर्ध्यावर आला आणि पंप दिसला की गाडी आत घ्यायची. तुमच्या त्या पोराची खुर्ची आठवा.

एटोशा: ओकाकुयो आणि नामुटोनी, दोन्ही कॅम्पांत पंप आहेत. पण टँकर आलेला नसतो, कधी वीज गेलेली असते. आम्ही ओकाकुयोला पोचलो तेव्हा नळीवर पिशवी बांधलेली होती. आउटजोपासून ओकाकुयो सव्वाशेच्या आत. आत वेगमर्यादा ताशी 60, कॅम्पाबाहेर गाडीतून उतरायची बंदी, त्यामुळे पाणवठ्यावर तासतास एसी लावून बसाल. एकेक दिवसात सव्वाशे-दीडशे किलोमीटर कसे होतात कळत नाही. तीन दिवसांचे चारशे आणि नामुटोनी ते सुमेब 110. बेरीज करा, पुन्हा त्याच 640च्या काठावर याल. म्हणून आउटजोला काठोकाठ, आणि आत ज्या कॅम्पात डिझेल असेल तिथे मिळेल तेवढं.

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण मशिन बंद पडलं तर काय? रोख ठेवा. दक्षिण आफ्रिकेचा रँडही तिथे चालतो, एकास एक. डिझेल भरणारा माणूसच काच पुसून देतो, त्याला पाच-दहा डॉलर द्यायची रीत आहे. तिकडचे डॉलर हं, अमेरिकेचे नव्हेत! आणि नळी आत घालायच्या आधी "डिझेल" असं दोनदा म्हणा.

सूर्यास्तानंतर चालवायचं नाही. कुडू नावाचं मोठं हरीण हेडलाइटवर उडी मारतं, आणि रात्री अपघात झाला तर गाडी भाड्याने देणारे बरेच जण विमा मानत नाहीत. त्यामुळे भरायचं तेही उजेडात. रविवारी दुपारनंतर लहान गावात शुकशुकाट असतो, तोही वार बघून ठेवा.

तीन हात नाका:

आता गांभीर्याने विचारतो. चित्ता एटोशात दिसतो का?

पामबीचवाली:

आहेत, पण नशिबाचा भाग. हत्ती, झेब्रे, गेंडे मात्र ओकाकुयोच्या कुंपणालगतच्या पाणवठ्यावर बाकावर बसून दिसतात. रात्री तिथे दिवे असतात. बाबांसाठी सगळ्यात सोपी जागा तीच, गाडी चालवायला नको आणि डिझेलही जळत नाही.

वाघबीळकर:

मनापासून आभार. नवा कागद केला: सेसरीम, वॉल्विस बे, खोरिक्सास, आउटजो, एटोशात मिळेल तिथे, सुमेब. दुहेरी टाकी रद्द, दुसरी स्टेपनी घेतली. बाबांनी प्रत्येक पंपापुढे चौकोन काढलाय, भरलं की ते टिक करणार. काट्याचा ताबा आता त्यांच्याकडे. एकच शंका राहिली, गाडी परत देताना टाकी भरलेली लागते, तर सुमेबचं पुरेल का?

आरटीओ एजंट (नावापुरता):

सुमेबहून विंडहुक सव्वाचारशे, कसं पुरेल? विमानतळ शहरापासून 45 किलोमीटर आहे. सकाळी शहरात फुल करा, पावतीचा फोटो काढा आणि काट्याचाही काढा.