मदत हवी आहे: रतनवाडी–घाटघर रस्ता रोड बाईकला (बारीक टायरच्या सायकलला) झेपेल का?

पावसाळा सरला की मुलुंडहून भंडारदऱ्याला सायकलने जायचंय. कसाऱ्यापर्यंत लोकलच्या लगेज डब्यातून, पुढे घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी (भंडारदरा धरणालगतचं गाव). इथवरचा रस्ता माहितीचा आहे. मुक्काम शेंडीतच.

अडलंय ते दुसऱ्या दिवशीच्या जलाशयफेरीपाशी: शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत. नकाशावर रस्ता सलग दिसतो, पण डांबर आहे की उखडलेली खडी, ते कळत नाही. व्हिडिओ पाहिले, सगळे बुलेटवाल्यांचे. त्यांना खड्डा म्हणजे गंमत! माझे टायर २५ एमएमचे, फ्रेममध्ये २८च्या वर बसतच नाहीत. म्हणजे ‘जाड टायर टाक’ हा सल्ला बाद.

अलीकडे सायकलने कुणी गेलंय का? रतनवाडी ते साम्रद कुठे उतरून ढकलावी लागते? आणि रतनवाडी सोडली की चहा-पाणी थेट घाटघरलाच का?