मदत हवी आहे: स्क्रॅचमधला राखणदार लांबूनच ‘पकडलं!’ म्हणतो

मंडळी, मुलगी सातवीत आहे, स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं मुलांचं सॉफ्टवेअर) गेम करतेय. पोरगा कैऱ्या पाडतो, राखणदार काठी घेऊन मागे लागतो. दोघांतलं अंतर ५० च्या खाली आलं की ‘पकडलं!’ आणि खेळ खलास.

अंतर म्हणून राखणदाराच्या एक्समधून (म्हणजे स्क्रीनवरची आडवी जागा; वाय म्हणजे उभी) पोराचा एक्स वजा केला. पोरगा डावीकडे असला की सगळं ठीक. उजवीकडे गेला रे गेला की पकडलाच, मधे अख्खी बाग मोकळी असली तरी! तासभर डोकं खाजवून शेवटी आकडे स्क्रीनवर काढले. राखणदार उणे १०० वर, पोरगा १५० वर. वजाबाकी उणे २५०, आणि ते ५० पेक्षा कमीच की. शाळेत केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा मार्कांपुरत्या काढल्या होत्या, त्या आत्ता कळल्या. हिरव्या ठोकळ्यांतला ‘अ‍ॅब्स’ (तेच केवलमूल्य, उणे चिन्ह काढून टाकतो) लावला, ते सुटलं.

पुढचं अडलंय. पोरगा फांदीवर (वाय १२०), राखणदार खाली बुंध्याशी, तरी पकडतो. म्हणून वायच्या फरकालाही अ‍ॅब्स लावून दोन्ही अटी ‘आणि’ने जोडल्या. आता तिरक्या बाजूने जरा लांबूनच पकडतोय असं वाटतं. भास आहे का?

प्रतिसाद:
भास नाही, ताई. अशा जोडीने राखणदाराभोवती चौकोन तयार होतो. आडवा फरक ४९, उभाही ४९, दोन्ही अटी खऱ्या. पण सरळ अंतर ६९ च्या वर जातं. गोल हवा असेल तर पायथागोरस. दोन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज २५०० पेक्षा कमी आहे का बघा. वर्ग केला की उणे चिन्ह जातंच, अ‍ॅब्स लागत नाही. ‘सेन्सिंग’ गटात अंतराचा तयार ठोकळाही आहे.
पण मी असतो तर चौकोनच ठेवला असता. एक जमिनीवर, एक झाडावर, तिथे आडवं-उभं वेगळं मोजलेलं बरं. उभी मर्यादा ३० करून बघा. आणि हो, एक्स-वाय चित्राच्या मध्यखुणेपासून धरतात. ती खूण तपासलीत का?

धागाकर्ती:
३० केलं, तिरकं पकडणं बरंच कमी झालं. मध्यखूण उघडून पाहिली तर राखणदाराची काठीच्या टोकाला निघाली! काठी नंतर काढली होती म्हणे. आता त्याला सरकवत बसलोय.