मदत हवी आहे: आमच्या बॅचचा ग्रुप बंद पडला, लवकर मार्ग सांगा

दारव्हेकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या बॅचचा ग्रुप पोळ्यापासून बंद आहे. कोणालाच काही लिहिता येत नाही. डिसेंबरात सगळ्यांनी यवतमाळला जमायचं ठरलं होतं, तारीख कळवायची आहे, मंगल कार्यालयवाला इसार मागतो आहे. शिवाय जे ग्रुपवर नव्हतेच, त्यांचाही पत्ता लावायचा आहे. आम्ही सगळे सत्तरीला टेकलेले, पुढच्या वर्षावर ढकलण्यात अर्थ नाही. नातू म्हणतो नवीन ग्रुप काढा. तेवढ्यानं भागत असतं तर इथं लिहिलंच नसतं. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

पुसदचा मोबाईलवाला
काका, बंद म्हणजे नेमकं काय? ग्रुप दिसतच नाही, की दिसतो पण मेसेज जात नाही? सगळ्यांचंच तसं होतंय की फक्त तुमचं? व्हॉट्सॲप की टेलिग्राम? फोन कोणता? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मेळघाट_वारा
फेसबुकवर पान काढा. आमच्या शाळेच्या बॅचनं काढलं, महिन्याभरात अमेरिकेतले लोकही सापडले. व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती सुप्रभातची फुलं येतात.

निवृत्त प्राध्यापक
फोनच्या मागे लागण्यापेक्षा विद्यापीठाकडे जा. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण असतात, त्यामुळे आता बहुतेक कॉलेजांत माजी विद्यार्थी संघ आहे. अमरावती विद्यापीठात अर्ज द्या, तुमच्या वर्षाची यादी मिळेल. मी स्वतः अशा संघाचं काम केलं आहे.

दारव्हेकर
व्हॉट्सॲपच. सगळ्यांना तेच होतं. खाली लिहून येतं की फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. माझा फोन चांगला आहे.

पुसदचा मोबाईलवाला
मग काही बिघडलेलंच नाही. ॲडमिनला सांगा, सेटिंग बदलून देईल. मिनिटाचं काम.

दारव्हेकर
ॲडमिन वारला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. तो एकटाच ॲडमिन होता.

मागच्या निवडणुकीच्या वेळी ग्रुपवर राजकारणावरून फार भांडणं झाली, दोघं-तिघं निघून गेले. म्हणून त्यानं सगळ्यांचं लिहिणं बंद केलं. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं त्याला फोन करायचा, तो ग्रुपवर टाकायचा. कोणाची अँजिओप्लास्टी, कोणाच्या घरी नातू झाला, कोणाची सोयरीक जुळली, सगळं त्याच्याकडून कळायचं. आम्हाला ते सोयीचं वाटत होतं, कारण तो होता.

ज्यांच्याकडे साधा फोन, त्यांना तो स्वतः लावायचा. त्याच्याकडे एक निळी रेक्झिनची डायरी होती, मागे एसटीडी कोडसकट लँडलाइनचे जुने नंबर आणि गावाकडचे पत्ते. बॅचमधलं कोणी गेलं तर तो नाव खोडत नसे, शेजारी तिथी लिहून ठेवायचा. ती डायरी वहिनींकडे आहे. मुलगा पुण्याला असतो. फोनला पॅटर्न आहे, तो कोणाला माहीत नाही. म्हणून विचारतो आहे.

पुसदचा मोबाईलवाला
काका, वाईट वाटलं. हे आधी सांगितलं असतं तर सुरुवातीलाच नीट बोललो असतो.

तो फोन उघडायची गरज नाही. त्यातलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका, तिथं व्हॉट्सॲप घ्या, तोच नंबर टाका. ओटीपी सिमवर येईल. ग्रुपमधली त्यांची जागा नंबराशी बांधलेली असते, फोनशी नाही. त्यामुळे लॉगिन झालं की ते ॲडमिन म्हणूनच दिसतील. मग तुमच्यापैकी दोघा-तिघांना ॲडमिन करायचं आणि सर्वांना लिहिण्याची परवानगी चालू करायची. पण रिचार्ज संपलं असेल तर आधी ते करा. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो काढून घेऊ शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. पोळ्यापासून मोजा आणि आजच करा.

बाभुळगावची माय
मेलेल्या माणसाच्या फोनात हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात घरच्यांचं काय काय असतं. वहिनींना विचारलंत का?

पुसदचा मोबाईलवाला
ताई, नवीन फोनवर बॅकअप घेतला नाही तर जुने मेसेज येत नाहीत. म्हणजे आधीचं खाजगी काही दिसणार नाही. आणि हे मुलानंच करावं, सिम बाहेरच्याच्या हातात देऊच नये. मी दुकानातही घरच्यांशिवाय असं काम घेत नाही.

कपाशी
अहो, एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲप साधारण 120 दिवस वापरलं नाही की खातं आपोआप जातं. एकुलता ॲडमिन गेला की ग्रुपमधल्याच कोणालातरी ॲडमिनकी मिळते. थांबा फक्त.

पुसदचा मोबाईलवाला
कोणाला मिळेल ते आपल्या हातात नसतं. ज्यानं वर्षभर व्हॉट्सॲप उघडलं नाही त्याला मिळाली तर पुन्हा तेच. आणि तोवर डिसेंबर संपेल.

कपाशी
मग नवीन ग्रुप. नातू बरोबरच बोलला. जुन्या ग्रुपवर लिहिता येत नसलं तरी सभासदांचे नंबर दिसतात. एकेक घ्यायचा.

दारव्हेकर
केलं ते. निम्मे आले. बाकीच्यांना आमंत्रण जातं, पण ते उघडत नाहीत. हल्ली सगळ्यांना लिंकची भीती आहे, कोणीतरी पैसे काढून घेईल म्हणून. एकानं मला फोन करून विचारलं की हा तूच ना. जुन्या ग्रुपवर एक ओळ टाकता आली तर विश्वास बसेल.

निवृत्त प्राध्यापक
माझ्या सूचनेकडे कोणी लक्ष दिलेलं दिसत नाही. विद्यापीठाची यादी हाच अधिकृत मार्ग आहे. दारव्हेकर, पदवीचं वर्ष सांगा.

दारव्हेकर
बी.एस्सी., 1979, यवतमाळ.

वर्धाकाठ
प्राध्यापक साहेब, मग अमरावतीला पाठवून काय उपयोग? अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 ला झालं. त्याआधी यवतमाळची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. 1979 ची पदवी नागपूरची, तिचा रेकॉर्डही तिकडचाच. आणि पदवीच्या यादीत नाव, वर्ष, श्रेणी मिळेल. पत्ता मिळणार नाही.

निवृत्त प्राध्यापक
वर्ष आत्ता कळलं. नागपूर बरोबर. पण माजी विद्यार्थी संघाचा मुद्दा कायम आहे. कॉलेजकडे प्रवेशाचं रजिस्टर असतं, त्यात वडिलांचं नाव आणि गाव असतं. कॉलेज दुसऱ्याचा पत्ता तुमच्या हातात देणार नाही, देऊही नये. पण तुम्ही पत्रं लिहून दिलीत तर त्यांच्याकडून ती पुढे पाठवायची विनंती प्राचार्यांना करता येईल.

वऱ्हाडी_गडी
राजेहो, रजिस्टरातला पत्ता पंचेचाळीस-पन्नास सालाआधीचा. तवा लिवलं आसन जिल्हा अकोला, आता ते गाव वाशीम जिल्ह्यात. वाशीम 1998 ले झालं. तसंच भंडाऱ्याचं गोंदिया 1999 ले, चांद्याचं गडचिरोली 1982 ले. कोनाचं गावच धरनात गेलं. अप्पर वर्ध्याच्या पान्याखाली गेलेली गावं दुसरीकडं वसली, नाव तेच, जागा वेगळी. पत्र जाईन कुठी?

माहं आयका. डायरीतली नावं तालुक्यापरमानं लावा. एकेका तालुक्याले एक मानूस द्या. त्यानं बाजाराच्या दिवशी त्या गावच्या मानसाले धरून इचारायचं, का भाऊ अमक्याचा पोरगा कुठी असते. पोलीस पाटलाले इचारा, पोस्टमनले इचारा. घर बदललं तरी भाऊबंद गावातच रायते. आमी माह्या मामाचा दोस्त असाच धुंडून काढला, तो आर्वीले मुलीकडं रायत होता.

मूर्तिजापूर_फाटा
1979 यवतमाळ म्हणजे तुम्ही शकुंतला रेल्वेनं जात असाल! मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. आमचे काका त्या गाडीनं जायचे. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढता येई म्हणे. आता गाडी बंद आहे.

दारव्हेकर
हो, आम्ही चौघं दारव्ह्याहून शकुंतलेनंच जायचो, आणि हा ॲडमिन मित्र कारंज्याकडूनच जागा धरून यायचा. पण ते नंतर बोलू. तालुकावार वाटणी पटली.

लोणार_८१
आई-वडील पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. चेहरा ओळखणारं आधार फेस आरडीचं एक ॲप घ्यावं लागतं, आणि दाखल्याचं जीवन प्रमाण हे दुसरं.

वर्धाकाठ
हे कोणी विचारलं?

बाभुळगावची माय
विचारलं नसलं तरी उपयोगाचं आहे. यांच्या बॅचमधले निम्मे मास्तर आणि सरकारी नोकरीतले असणार. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला पेन्शनर बँकेत येतातच. आमच्याकडे त्या दिवसांत बाकावर बसायला जागा नसते. मॅनेजरला विचारून दारात एक कागद लावा: अमुक कॉलेज, 1979, या नंबरवर फोन करा. ज्याच्याकडे व्हॉट्सॲप नाही तोही वाचेल.

दारव्हेकर
ताई, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दारव्हा, दिग्रस आणि पुसदला लावतो. बाकीच्या तालुक्यांतले त्यांचं पाहतील.

कपाशी
आणि ती डिसेंबरची तारीख बदला. वेचणीचा हंगाम असतो, मजूर मिळत नाहीत, अजून शेती करणारा माणूस शिवार सोडून येणार नाही. फेब्रुवारीत घ्या. तूर घरात आलेली असते, ऊनही नसतं.

मेळघाट_वारा
मे महिन्यात घ्या, मुलं-नातवंडं गावाकडे आलेली असतात, गाडीनं आणून सोडतील.

बाभुळगावची माय
मे महिन्यात विदर्भात? सत्तरीच्या माणसांना पंचेचाळीस डिग्रीत बोलावता का?

वऱ्हाडी_गडी
फेब्रुवारीच बराबर हाय.

माहूर_रोड
मी बराच वेळ नुसती वाचत होते. माझे वडील यवतमाळचे बी.एस्सी., साल 1979 किंवा 80 असेल. घाटंजीजवळ असतात, साधा फोन वापरतात, ऐकू कमी येतं. पोळ्याच्या जरा आधीपर्यंत त्यांना कॉलेजच्या एका मित्राचा दर रविवारी फोन यायचा. नंतर थांबला. बाबा विचारतात की त्याचा फोन का येत नाही. आम्हाला त्याचं नाव नीट माहीत नाही, ते टोपणनावानंच बोलतात. इथं नाव लिहीत नाही. दारव्हेकर काका, तुम्हाला खाजगी निरोप पाठवला आहे.

दारव्हेकर
निरोप मिळाला. तोच. तुझ्या बाबांना मी ओळखतो, प्रॅक्टिकलला एका बेंचवर होतो. फोनवर नको, ऐकू येत नसेल तर असलं काही फोनवर सांगू नये. रविवारी घाटंजीला येतो, मीच सांगतो.

पुसदचा मोबाईलवाला
काका, सिमचं काय झालं?

दारव्हेकर
वहिनींशी बोललो, त्यांची हरकत नाही. मुलगा घरी आला आहे. नंबर चालू होता, त्यानंच सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं. ओटीपी आला, पण पुढे सहा आकडी पिन मागतो आहे. घरात कोणाला माहीत नाही.

पुसदचा मोबाईलवाला
ती टू-स्टेप पिन, म्हणजे ओटीपीनंतरचं दुसरं कुलूप. अंदाजानं आकडे टाकत बसू नका. पिन विसरलो हे निवडा. ईमेल जोडलेला असेल तर त्यावर लिंक येईल. नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, मग नवीन पिन ठेवता येते. तोवर सिम त्याच फोनमध्ये राहू द्या, रिचार्ज संपू देऊ नका. आणि सिम पुढेही ठेवायचं असेल तर मुलानं मृत्यू प्रमाणपत्र आणि स्वतःचं आधार घेऊन कंपनीच्या दुकानात नंबर आपल्या नावावर करून घ्यावा.

दारव्हेकर
ईमेल नाही म्हणतो. सात दिवस थांबतो. ग्रुप उघडला की पाच तालुक्यांचे पाच ॲडमिन करायचे ठरलं आहे, आणि डायरीची झेरॉक्स प्रत्येकाकडे राहील. वहिनींनी डायरी दिली, पण मूळ प्रत त्यांच्याकडेच राहील, मी सांगितलं. कार्यालयवाल्याला फेब्रुवारीचा दुसरा शनिवार विचारला आहे, संध्याकाळी कळवतो म्हणाला. यवतमाळ, 1979, बी.एस्सी. असलेलं किंवा ओळखीचं कोणी वाचत असेल तर मला खाजगी निरोप टाका. वणी, केळापूर आणि राळेगाव या तालुक्यांसाठी अजून माणूस मिळालेला नाही.