विश्वामित्रीच्या काठी पूरसंरक्षक बांध मागावा का?

मुजमहुडेकर यांचा प्रश्न

आमची सोसायटी बडोद्याच्या मुजमहुडा भागात, विश्वामित्रीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी ३७ फुटांच्या आसपास गेली, धोक्याची पातळी तेथे २५ फूट समजली जाते, आणि आमचा संपूर्ण तळमजला पाण्याखाली होता. आता महानगरपालिकेकडे निवेदन देऊन नदीच्या दोन्ही काठांना बांध मागावा, असे बहुतेक सभासदांचे मत आहे. मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बांध मातीचा मागावा की काँक्रीटची भिंत, त्याची उंची किती असावी, आणि मुळात ही मागणी योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त पाटबंधारेवाला यांचे उत्तर

आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून प्रथम तोच घेतो.

बांध पाणी कमी करीत नाही. ते फक्त एका जागेवरून हटवतो. पावागढच्या डोंगरातून येणारे पाणी, आजव्याच्या सरोवरातून सुटणारे पाणी आणि सूर्या नदीचे पाणी शहरात शिरते ते अतिशय मंद उताराच्या, वळणावळणाच्या पात्रात, आणि पुढे ढाढर नदीलाच पूर असेल तर त्याला लवकर वाट मिळत नाही. अशा नदीला दोन्ही बाजूंनी काठालगत आवळले, तर आतली पातळी चढते आणि वरच्या अंगाला समा, हरणी या भागांकडे पाण्याची फूग मागे सरकते. बिहारमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम १६० किलोमीटर बांध होते. पुढे त्यांची लांबी साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात गेली, आणि त्याच काळात पूरप्रवण क्षेत्र सुमारे २५ लाख हेक्टरांवरून ६८ लाख हेक्टरांवर पोहोचले. त्याला अन्य कारणेही आहेत, हे मान्य. तरी नुसत्या बांधांनी पूर आटोक्यात येतो असे म्हणणाऱ्याने हे आकडे समोर ठेवावेत.

उंचीविषयी. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. त्या पुराच्या पातळीवर लाटा आणि मातीचे दबणे यांसाठी फ्रीबोर्ड, म्हणजे बांधाची राखीव जादा उंची, ठेवावाच लागतो. मागील पुराची पातळी पाहून "तिच्यापेक्षा दोन फूट जास्त" असे ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम होय.

मातीचा बांध चांगला असतो, पण त्याला जागा लागते. दहा फूट उंचीच्या बांधाला माथा दहा फूट आणि दोन्ही बाजूंना एकास दोन (एक फूट उंचीला दोन फूट रुंदी) उतार धरला, तरी पायथा पन्नास फुटांचा होतो. मुजमहुड्याला एवढी जागा कोठे आहे? भिंतीला जागा कमी लागते, परंतु तिचा पाया उथळ राहिला तर पाणी खालून पाझरते. न्यू ऑर्लिन्सला २००५ साली काही कालव्यांच्या भिंती वरून पाणी जाण्याआधीच कोसळल्या होत्या.

आणखी एक गोष्ट आपल्या नदीपुरती खास आहे. येथे शेकडो मगरी आहेत आणि त्या काठाच्या मातीत खोल बिळे करतात. हार्टिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या गाभ्याच्या, काळ्या मातीपर्यंत बीळ गेले की पुराच्या वेळी तेथूनच पाण्याची वाट तयार होते, आणि ती वाट मोठी होण्यास फार वेळ लागत नाही. मगरी हलवाव्यात असे मी म्हणत नाही. कायद्याने संरक्षित प्राणी आहे आणि नदी त्यांचीच आहे. बांधाची आखणी आणि दरवर्षीची पाहणी हे गृहीत धरूनच व्हावी.

वडसरवाला यांचे उत्तर

वरील उत्तरात एक बाजू राहिली. आम्ही आपल्या खालच्या अंगाला राहतो. आज शहरात जे पाणी पसरून थांबते, ते बांधांमुळे वेगाने पुढे आले, तर पाण्याचा लोट आमच्या वाट्याला अधिक उंच आणि लवकर येईल. निवेदनावर केवळ एका सोसायटीच्या सह्या असणे मला पटत नाही.

मुजमहुडेकर

वडसरच्या मंडळींचा मुद्दा रास्त आहे, सह्यांसाठी मी त्यांच्याशीही बोलेन. परंतु मग आम्ही मागावे तरी काय? दरवर्षी फर्निचर वरच्या मजल्यावर नेणे हा काही उपाय नव्हे.

निवृत्त पाटबंधारेवाला

बांध मागूच नका, असे माझे म्हणणे नाही. काठालगतचा बांध मागू नका.

नदीकाठची कोतरे, म्हणजे घळी, हीच पुराचे पाणी साठवण्याची जागा होती, आणि भराव टाकून त्यांतील बरीच बुजवली गेली. म्हणून पहिली मागणी अशी करा की, उरलेल्या कोतरांत नवा भराव पडू नये आणि पूररेषा नकाशावर जाहीर व्हावी. नेदरलँड्समध्ये नायमेखेन शहरापाशी वाल नदीचा बांध उंच न करता सुमारे ३५० मीटर मागे नेला आणि मोकळ्या जागेत नदीला दुसरी वाट खणून दिली. शहराच्या मध्यावर आपल्याला ते शक्य नाही, परंतु वरच्या आणि खालच्या अंगाला अजून शेते आहेत.

मग वस्तीभोवती, काठापासून मागे, छोटा बांध मागा. पण त्यासोबत कांशींचा, म्हणजे नदीला मिळणाऱ्या नाल्यांचा, विचार झालाच पाहिजे. भुखी कांस किंवा मसिया कांस जेथे नदीला मिळते, तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप नसेल तर नदीचे पाणी बांधाला वळसा घालून कांशीतूनच आत येते. झडप बंद झाली की आत पडलेला पाऊस कोठे जाणार? तेथे पंप हवा, तो चालवणारा माणूस हवा, आणि वीज गेल्यावर चालेल असे डिझेलचे इंजिन हवे. ३१ जुलै २०१९ रोजी शहरावरच एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा दिवशी पंपाविना बांध असेल तर आतल्या वस्तीचा हौद होतो.

मसुद्यात देखभालीचे कलम स्वतंत्र ठेवा: दरवर्षी मे महिन्यात बिळे, झाडांची मुळे, झडपा आणि पिचिंगची (उतारावरील दगडी अस्तराची) पाहणी, आणि तिचा अहवाल रहिवाशांना. आजव्याचे दरवाजे किती उघडणार याची सूचना काही तास आधी मिळावी, हेही लिहा. त्यासाठी बांधाइतका पैसा लागत नाही आणि ते याच पावसाळ्यापासून सुरू होऊ शकते.

वडसरवाला

या स्वरूपात असेल तर आमच्याकडील सह्या मी गोळा करून देतो. फक्त खालच्या गावांत पातळी किती वाढेल याचा अभ्यास बांधाच्या मंजुरीआधी व्हावा, हे वाक्य पहिल्या पानावर घाला.